मत्स्यालयातील पाणवनस्पतींसाठी दिव्याची निवड

सोलापूर जिल्ह्यात उन्हाची टंचाई आहे असे कोणी म्हटले तर त्याला हसण्यावारी नेले जाईल. मार्च उजाडला की सावलीसाठी माणसे झाडे शोधू लागतात आणि मे महिन्यात भर दुपारी उघड्या रानावर सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश पडतो. अशा मुलखात विजेच्या दिव्याखाली वनस्पती वाढविण्याची गोष्ट काढली की ग्रामसेवक व शेतकरी दोघेही प्रथम आश्चर्य करतात. परंतु गेल्या काही वर्षांत शोभिवंत मासे पाळण्याचा जोडधंदा आपल्याकडील काही बचत गटांनी व अल्पभूधारक कुटुंबांनी हाती घेतला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही अंतर्भाव करण्यात आला होता. माशांबरोबर पाणवनस्पतींनाही मागणी असते. मासा चार दिवस उपाशी राहिला तरी तग धरतो, वनस्पती मात्र चुकीच्या प्रकाशात आठ-पंधरा दिवसांत विक्रीस नालायक होते. तेव्हा हा धंदा करू इच्छिणाऱ्यांनी दिव्याचा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

मत्स्यालय ही वस्तू आपल्याकडे अगदी नवीन नाही. मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले आणि काचेआडचे मासे व त्यांच्या भोवतीची हिरवी पाने पाहण्यासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यातून लोक तेथे गेले. घरगुती टाक्यांचा प्रसार झाला तो त्यानंतर. आता तालुक्याच्या गावीही दवाखान्यात, हॉटेलात आणि शाळेत काचेची टाकी दिसते. तीत बहुधा प्लॅस्टिकची पाने खोवलेली असतात. खरी पाने लावली होती पण ती जगली नाहीत, असे त्याचे कारण सांगण्यात येते. ती का जगली नाहीत याचा शोध घेतला तर दहांपैकी सात-आठ ठिकाणी दोष दिव्याचा किंवा दिव्याविषयीच्या गैरसमजाचा आढळतो, असा माझा अनुभव आहे.

एक फसलेला प्रयोग

दुसऱ्यांच्या चुका सांगण्यापूर्वी माझी स्वतःची सांगतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मोहोळ तालुक्यातील एका गावी महिलांच्या गटाने दोन फुटी दहा टाक्या मांडल्या होत्या. बंद पडलेल्या एका यंत्रमाग कारखान्यातून त्यांनी जुन्या पद्धतीच्या ४० वॅटच्या ट्यूब चोकसह स्वस्तात आणल्या. दोन-दोन टाक्या टोकाला टोक लावून ठेवल्या आणि प्रत्येक जोडीवर दोन ट्यूब टांगल्या. दिवे दहा तास चालत. टाक्यांत व्हॅलिस्नेरिया ही लांब फितीसारख्या पानांची वनस्पती लावली होती. महिनाभरात तिची नवी पाने फिक्कट, पिवळी येऊ लागली.

मला बोलावणे आले. मी टाक्या पाहिल्या आणि पिवळेपणा प्रकाशाच्या अभावी आला असावा असे ठरवून दिवे चौदा तास ठेवण्यास सांगितले. त्या वेळी गटातील एक वयस्क बाई पाण्यात वाकून म्हणाल्या, ‘‘साहेब, हा तर उसावरचा केवडा दिसतोय.’’ मी ते हसून सोडून दिले. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा प्रत्येक पानावर हिरव्या तंतुमय शेवाळाची लोकर चढली होती, पाणी हिरवट झाले होते आणि माल नेण्यास आलेला सोलापूरचा दुकानदार रिकाम्या हाताने परत गेला होता. गटाने बियाण्याचे पैसे उसने आणले होते, आणि ते महिना संपण्यापूर्वी फेडावयाचे होते.

बाईंचे निदान बरोबर होते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोह असूनही पिकास मिळत नाही, त्यामुळे उसाची नवी पाने पिवळी पडतात व शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्या टाक्यांत तेच घडले होते. पाणी विंधन विहिरीचे, जड व अल्कधर्मी होते. तळाला नुसती धुतलेली वाळू होती, तीत अन्नांश मुळीच नव्हता. वनस्पतीस लोह नाही, कर्ब अपुरा आणि वरून प्रकाशाचा मारा. जो प्रकाश वनस्पतीने घेतला नाही तो शेवाळाने घेतला. शेवाळाची भूक लहान, पाण्यात विरघळलेल्या थोड्याशा अन्नावरही ते भागवते.

विजेचा हिशेब तर याहून डोळ्यांत अंजन घालणारा होता. चोकसह एका ट्यूबला सुमारे ५० वॅट धरले तर दहा ट्यूबचे ५०० वॅट. चौदा तासांचे रोज ७ युनिट, महिन्याचे २१० युनिट. एवढी वीज जाळून त्यांनी शेवाळ पिकविले होते, तेही माझ्या सल्ल्याने.

वनस्पतीला प्रकाश म्हणजे काय

सोलापूर जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी ड्रॅगन फ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावलेले पाहिले असतील. त्यावरून पुष्कळांचा असा समज होतो की दिवा लावला म्हणजे झाड वाढते. तेथील दिव्याचे काम निराळे आहे. ड्रॅगन फ्रूटला फुले येण्यास लांब दिवस लागतो. सोलापूरचा हिवाळी दिवस सुमारे ११ तासांचा, उन्हाळी दिवस सुमारे १३ तासांचा. हिवाळ्यात रात्री काही तास मंद दिवा लावून झाडास दिवस लांब झाल्याचा संकेत देता येतो व बिगरहंगामी फूल मिळते. झाडाचे अन्न मात्र दिवसाच्या उन्हातच तयार होते.

खोलीतील काचटाकीत गोष्ट उलट आहे. तेथे दिवा हेच ऊन. त्याच्या बळावर पान पाण्यातील कर्बवायू घेऊन साखर बनविते व प्राणवायू सोडते. त्यामुळे दिव्याची निवड करताना तीन प्रश्न विचारावयाचे. प्रकाश किती पोचतो, किती तास पोचतो, आणि तो वापरण्याइतके दुसरे अन्न टाकीत आहे काय. दुकानात या तिन्हींबद्दल कोणी बोलत नाही, फक्त वॅट आणि रंग यांबद्दल बोलतात.

वॅट हे विजेच्या खर्चाचे माप आहे, प्रकाशाचे नव्हे. पूर्वीचा ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन प्रकाश देई आणि उरलेल्या विजेची उष्णता करी. आजचा ९ वॅटचा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो. सोलापुरात ही उष्णता नुसती वाया जात नाही, ती हानी करते. पाणी २० अंशांवर असता त्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर जेमतेम साडेसात. उन्हाळ्यात आपल्या खोलीतील टाकीचे पाणी आधीच ३० अंशांवर गेलेले असते. तेथे तारेचा बल्ब किंवा हॅलोजन टांगणे म्हणजे माशांचा श्वास कोंडणे होय.

रंगाविषयी बरेच स्तोम माजले आहे. पानातील हरितद्रव्य निळा व तांबडा प्रकाश अधिक शोषते हे खरे. त्यावरून गुलाबी-जांभळ्या रंगाचे खास दिवे दामदुप्पट किमतीस विकले जातात. पण १९७२ साली मॅक्री या शास्त्रज्ञाने अनेक पिकांच्या पानांवर मोजमापे करून दाखविले की ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा बहुतेक सर्व प्रकाश पान उपयोगात आणते, हिरवादेखील. साध्या पांढऱ्या दिव्यात हे सर्व रंग असतात. खोक्यावर ६५०० केल्व्हिन लिहिलेला पांढरा दिवा घ्यावा किंवा ४००० चा किंचित पिवळसर घ्यावा, दोन्ही चालतात. गुलाबी दिव्याखाली पानावरचा पिवळेपणा डोळ्यांना दिसत नाही, हा त्याचा मोठा दोष मला वाटतो. केवडा ओळखू येत नसेल तर तो दिवा काय कामाचा?

कोणती वनस्पती, किती प्रकाश

मालदांडी ज्वारी भारी काळ्या जमिनीत डिसेंबरच्या थंडीवर पोसते, तीच मुरमाड माळावर टाकली तर कणीस हाती लागत नाही. आणि यात दोष मालदांडीचा नसतो. पाणवनस्पतींचेही तसेच आहे. आधी दिवा घेऊन मग त्याखाली वाटेल ते लावण्याऐवजी आपल्याला कोणता दिवा परवडतो ते पाहून वनस्पती निवडाव्या.

मंद प्रकाशात राहणाऱ्यांत अनुबियास, जावा फर्न व क्रिप्टोकोरीन या मुख्य होत. अनुबियास पश्चिम आफ्रिकेतील ओढ्यांकाठची आहे. क्रिप्टोकोरीनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतील नद्यांच्या खडकाळ पात्रांत आढळतात. यांची वाढ सावकाश होते, पण भाव बरा मिळतो आणि वीज कमी लागते. नवशिक्या गटाने यांपासून आरंभ करावा. मध्यम प्रकाशावर व्हॅलिस्नेरिया व बहुतेक देठी वनस्पती येतात. तांबड्या पानांच्या आणि जमिनीलगत गालिचासारख्या पसरणाऱ्या वनस्पतींना तीव्र प्रकाश व वरून कर्बवायूचा पुरवठा, दोन्ही लागतात; त्यांच्या वाटेस सध्या जाऊ नये.

हायड्रिला, म्हणजे आपल्या तळ्यांत व कालव्यांत सापडणारी शेवाळ, हिची गोष्ट वेगळीच. भर उन्हाच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या प्रकाशातही ती तग धरते आणि पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कर्ब घेते. उत्तरेकडे खांडसरी कारखान्यांत ही पाणवनस्पती रसाच्या दाण्यावर पसरून ठेवीत. तिच्यातून झिरपणाऱ्या ओलाव्याने मळी खाली जाऊन साखर उजळत असे. साखरेच्या या जिल्ह्यात ही माहिती मनोरंजक वाटेल म्हणून सांगितली. प्रयोगासाठी हिच्यासारखी दुसरी वनस्पती नाही, त्याविषयी पुढे येईल.

मोजमापासाठी लक्समीटर उत्तम. तो नसल्यास मोबाइल फोनमधील प्रकाशमापक चालतो. दोन फोनांचे आकडे सारखे येत नाहीत, परंतु एकाच फोनाने दोन जागांची तुलना करण्यास अडचण नसते. रिकाम्या टाकीच्या तळाशी फोन उताणा ठेवून वर दिवा लावावा. पांढऱ्या एलईडीखाली तळाशी १,५०० ते ३,००० लक्स असल्यास मंद प्रकाशाच्या, ३,००० ते ६,००० असल्यास मध्यम प्रकाशाच्या वनस्पती येतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकीत वाळू वजा जाता सुमारे ६० लिटर पाणी राहते. तीस दर लिटरला २० ल्युमेनप्रमाणे १,२०० ल्युमेन ही चांगली सुरुवात होय. ९ वॅटचे दोन एलईडी बल्ब १,८०० ल्युमेन देतात, तेवढ्यात व्हॅलिस्नेरिया सुखाने वाढते. आठ तासांप्रमाणे याची महिन्याची वीज साडेचार युनिटांच्या आत बसते, दहा टाक्यांची सुमारे ४३. वर दिलेल्या २१० च्या आकड्याशी वाचकांनीच तुलना करावी.

दिव्यापासून पानापर्यंत पोचेतो प्रकाश कोठे हरवतो हेही पाहिले पाहिजे. स्वच्छ पाणी दीड फुटात फारसा प्रकाश खात नाही. खरी गळती वरच्या काचेवर होते. आपले पाणी जड असल्याने झाकणाच्या काचेवर उडालेले थेंब वाळून चुन्याचा पांढरा थर बसतो, त्यावर धूळ. महिनाभर न पुसलेली काच हातात धरून आरपार पाहावी म्हणजे खात्री पटेल. लिंबाच्या फोडीने वा पातळ व्हिनेगरने ती आठवड्यास पुसावी व साध्या पाण्याने धुऊन पुन्हा ठेवावी. दिव्यामागे आतून पांढरा रंग दिलेला पत्रा लावल्यास बाहेर फाकणारा प्रकाश टाकीत वळतो. नवा दिवा विकत घेण्यापूर्वी या दोन गोष्टी कराव्या.

बुडबुडे मोजण्याचा प्रयोग

ग्रामसेवकांनी हा प्रयोग शाळेत किंवा गटाच्या बैठकीत अवश्य करून दाखवावा. शालेय विज्ञानातील हायड्रिलाचा जो प्रयोग आहे त्याचाच हा उपयोग होय. काचेच्या उंच ग्लासात पाणी घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा. हायड्रिलाची तीन-चार इंचांची ताजी डहाळी कापून कापलेले टोक वर राहील अशी बुडवावी, खाली लहान खडा बांधावा. खोलीत अंधार करून दिवा दोन फुटांवर ठेवावा. दहा मिनिटे थांबावे. मग कापलेल्या टोकातून मिनिटाला किती बुडबुडे सुटतात ते मोजावे. हा प्राणवायू होय. नंतर दिवा एक फुटावर आणावा, मग अर्ध्या फुटावर. दर वेळी पाच-सात मिनिटे थांबून मोजणी करावी.

दिवा जवळ येईल तसे बुडबुडे वाढतात. पण एका अंतरानंतर दिवा कितीही जवळ नेला तरी संख्या वाढत नाही. त्या बिंदूच्या पुढे दिलेला प्रकाश पानाच्या कामाचा नाही. हे झाल्यावर तोच प्रयोग सोडा न घालता, आपल्या टाकीतील पाणी घेऊन करावा. या वेळी वाढ लवकर थांबते, कारण कर्ब तुटपुंजा आहे. हवेपेक्षा पाण्यात कर्बवायूचा प्रसार सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो, त्यामुळे पानाभोवतालचा कर्ब संपला की नवा येण्यास वेळ लागतो. नत्र भरपूर घातले पण पाण्याची पाळी चुकली तर उसाचे काय होते हे शेतकऱ्यास शिकवावयास नको. मोहोळ तालुक्यातील त्या गटापुढे हा प्रयोग मी फार उशिरा केला. पहिल्या महिन्यात केला असता तर चौदा तासांचा सल्ला माझ्या तोंडून निघाला नसता.

टाकी सुधारली ती कशी

दिवे आठ तासांवर आणले, ठरावीक वेळी आपोआप बंद-चालू करणारे टायमर बसविले. माणसाच्या हातून कधी सहा तास, कधी बारा असे होते, आणि शेवाळास असा बेबंदपणा मानवतो. जोडीतील एक ट्यूब काढून टाकली आणि पुढे सवडीने राहिलेल्या ट्यूबच्या जागी एलईडी आले. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी दोन तास तिरपे ऊन चार टाक्यांवर पडत होते, तेथे तरटाचा पडदा लावला. शेवाळाने माखलेली पाने खुडून काढली, दर आठवड्यास तिसरा हिस्सा पाणी बदलले.

तळाशी वाळूखाली इंचभर पोयटा माती घातली. काळी माती मुद्दाम टाळली, कारण ती फुगते आणि हात लागताच सारे पाणी गढूळ करते. लोहासाठी हिराकस पाण्यात टाकण्याचा मोह होतो. अल्कधर्मी पाण्यात त्याचा लगेच गंज होऊन तळाशी बसतो, पानास काही मिळत नाही. चिलेटेड लोह मत्स्यालयासाठी मिळते ते अल्प मात्रेत वापरले. पिकांवर फवारण्याचे मिश्र सूक्ष्मद्रव्य मात्र टाकीत कदापि घालू नये. त्यात तांबे असते आणि त्याने गोगलगायी व मासेही दगावतात.

सहा आठवड्यांनी नवी पाने हिरवी आली. दहांपैकी सात टाक्या वाचल्या, तीन रिकाम्या कराव्या लागल्या. उसने फेडण्याची मुदत गटाला वाढवून घ्यावी लागली. ज्या बाईंनी केवडा ओळखला होता त्या आता इतर गटांस टाक्या दाखवितात, आणि मला पाहिले की ‘‘आज किती तास सांगताय साहेब?’’ असे विचारतात.

उघड्यावरील लागवड

विक्रीसाठी रोपे वाढवावयाची असल्यास सर्वच काम विजेवर करण्याचे कारण नाही. अनुबियास, क्रिप्टोकोरीन इत्यादी अनेक वनस्पती पाने पाण्याबाहेर ठेवून ओल्या मातीत वाढविता येतात. त्यांना हवेतील कर्बवायू मुबलक मिळतो. आपल्या भागात यासाठी ७५ टक्के सावलीची जाळी लागते. परंतु उष्णतेपेक्षा कोरड्या हवेचे भय अधिक आहे. एप्रिल-मे महिन्यांत वाफ्यावर प्लॅस्टिकचे बुटके झाकण न घातल्यास पानांच्या कडा एका दुपारीत करपतात. अशी रोपे टाकीत बुडविल्यावर जुनी पाने गळून पाण्यातली नवी पाने येतात. गिऱ्हाईकास हे आधी सांगावे, नाहीतर मेलेले रोप विकले असा ठपका येतो. कमळ व कुमुदिनी यांस उलट रोज पाच-सहा तास थेट ऊन हवे, त्यांना घरात दिव्याखाली ठेवण्यात अर्थ नाही. सिमेंटच्या कुंडीत अंगणात ठेवावी.

रात्री दिवे बंदच असावे. अंधारात वनस्पतीही माशांप्रमाणे प्राणवायू घेतात, म्हणून दाट लागवडीच्या टाकीत पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडू लागल्यास हवेचा पंप रात्री चालवावा, दिवा लावू नये. वीज सहा-आठ तास गेली तर वनस्पतींचे काही बिघडत नाही. एक दिवस ढगाळ गेला असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी जादा तास देऊन भरपाई करण्याच्या भरीस पडू नये. मासे मात्र पंपावाचून राहतील काय ते पाहावे.

छाटणीचा कचरा ओढ्यात, विहिरीत वा शेततळ्यात टाकू नये. जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फुलांच्या हौसेने या देशात आणली गेली आणि आज भीमेच्या पात्रात व उजनीच्या पाण्यात तिचे काय झाले आहे ते आपण पाहतोच. आपली हायड्रिलाही १९५०च्या दशकात मत्स्यालयाच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडास पोचली आणि तेथील तळी व कालवे तिने भरून टाकले. हिचा इंचभर तुकडाही रुजतो. छाटलेली पाने व धुतलेली वाळू गोणपाटावर पसरून उन्हात पूर्ण कडक वाळवावी व मग कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावी. पावसाळ्यात वाळविणे जमत नसल्यास कचरा झाकणाच्या बादलीत साठवून उघडीप मिळेपर्यंत ठेवावा, मात्र बादली ओढ्याच्या काठी धुऊ नये.